चाळीस पुड्या

चाळीस पुड्या मी दोनदा मोजून बांधल्या होत्या. मी लॅबमध्ये काम करणारी बाई. एकदा मोजलेलं मला मोजल्यासारखंच वाटत नाही.

पुड्या बंदुकीच्या दारूच्या होत्या. हे ऐकून लोक दचकतात, म्हणून आधीच सांगून टाकते. आमच्या कोकणात शेताच्या राखणीसाठी लायसन्सची बंदूक ठेवतात, तशी माझ्या बाबांकडे होती. ठासणीची. तिच्या नळीत वरून दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवून चाप ओढायचा. एवढं सगळं करेपर्यंत डुक्कर अर्धं शेत उकरून मोकळं. पण बाबा कुणाला मारायला बंदूक चालवतच नव्हते. रताळ्यांत, नाचणीत रानडुकरं घुसली की बांधावर उभं राहून एक बार काढायचा, आवाज डोंगरावर आपटून परत यायचा आणि डुकरं चौखूर पळायची. बाबा खूश. "गेली गो पळान!" असं ओरडत घरी यायचे.

बार कसा भरायचा हे मला सातव्या-आठव्या वर्षीच ठाऊक होतं, कारण दारू मापायचं काम माझं. बांबूच्या पेराचं एक माप होतं, बोटभर. ते काठोकाठ भरायचं आणि वर बोट फिरवून सपाट करायचं. कमी पडली तर बार फुसका. जास्त झाली तर बंदूक फुटते, आणि ती धरणाऱ्याच्या तोंडावर फुटते. मी जीभ बाहेर काढून मापायची आणि बाबा श्वास रोखून बघायचे. त्याआधी सुपावर कागद अंथरून दारूला ऊन दाखवायचं. आमच्याकडची हवा इतकी दमट की पापड, गोधड्या, कडधान्य, सगळ्यालाच ऊन दाखवावं लागतं; मग दारू कशी सुटेल? "चेडवाचो हात बघ कसो थीर आसा," असं बाबा आपल्या पोरीबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. भाऊ नव्हता मला. आई लवकर गेली. बाबा, मी आणि ती बंदूक, एवढंच आमचं घर होतं.

तोच थीर हात मला केमिस्ट्रीत घेऊन गेला आणि लग्नानंतर दुबईजवळच्या रास अल खैमात. तिथल्या एका टाइल्सच्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी माती आणि ग्लेझचे नमुने तपासायची. नवरा दुबईत एका बांधकाम कंपनीत ड्रॉइंगं करायचा, रोज पहाटे निघून अंधार पडल्यावर परत. मुलगा शाळेत. मी मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि नवरा मध्ये हिंदी घुसवायचा. चाललं होतं बरं.

२००८च्या मे महिन्यात मी आठ दिवस घरी गेले, तर बाबांची एक भुवई जळलेली. हात कापायला लागले होते त्यांचे. चहाची बशी वाजायची. अशा हातांनी त्यांनी गेल्या दिवाळीच्या सुमाराला माप दोनदा ओतलं होतं, एकदा ओतलेलं विसरून. बंदूक फुटली नाही ही देवाची कृपा. पण धक्क्याने बाबा चिखलात उताणे पडले आणि भुवई गेली ती गेलीच. हे सगळं मला ते हसत हसत सांगत होते! मी इतकी भडकले की शेजारची काकी धावत आली, तिला वाटलं घरात साप निघाला.

"तुम्ही आता मापाला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"मग कोण मापतलो? डुकरां?"

मग मी बसले मापायला. कडक उन्हात दारू वाळवली आणि एकेका बाराची एकेक पुडी बांधली. लॅबमध्ये नमुना ठेवायला आम्ही कागदाची एक घडी घालतो: दोन बाजू आत, वरचं टोक खालच्या खाचेत. हिसका दिला तरी सुटत नाही. तशा चाळीस पुड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रचल्या. बाबांनी फक्त एक पुडी उघडायची, नळीत ओतायची, खलास. मापायचं नाही, विसरायचं नाही. आणि बांबूचं माप मी चार वेळा साबणाने घासून माझ्या पर्समध्ये टाकलं.

"संपल्या की मला सांगायचं," मी म्हटलं. "मी येईन आणि नव्या बांधून देईन. दुसऱ्या कुणाकडून मापून घ्यायच्या नाहीत. शपथ घ्या."

"लगेच येतलंस?"

"लगेच. पुढच्या विमानाने."

त्यांनी शपथ घेतली. माझ्या डोक्यावर हात ठेवून. मीही घेतली. एका पावसाळ्याला पंधरा-वीस बार लागायचे. म्हणजे दोन वर्षांनी बोलावणं येणार हे मी मनात धरून चालले होते. खरं सांगू? ते बोलावणं यावं म्हणूनच मी शंभर नाही बांधल्या.

आणि मग त्याच वर्षाच्या शेवटी सगळं कोसळलं. दुबईचे टॉवर जिथल्या तिथे थांबले, क्रेन हलेनात. टॉवर नाहीत तर टाइल्स कुणाला हव्यात? आमच्या कारखान्याच्या दोन भट्ट्या बंद झाल्या. लॅबमध्ये आम्ही नऊ जण होतो ते चार उरलो. नवऱ्याची कंपनी तर एका गुरुवारी चालू होती आणि रविवारी तिच्या दाराला कुलूप. तो आणि मुलगा माझ्या व्हिसावर आले. आता माझी नोकरी गेली की तिघांनी बॅगा भरायच्या, इतकं सरळ गणित होतं. रजा मागणं म्हणजे आपणहून मान पुढे करणं. कुणी मागतच नव्हतं. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एकीची खुर्ची ती परत येईपर्यंत उचलून नेली होती.

दर शुक्रवारी सकाळी मी बाबांना फोन लावायची. शेताचं, गुडघ्याचं, काकीच्या गाईचं बोलून झालं की मी हळूच विचारायची, "पुड्या संपल्या का हो?"

"आसत गो अजून. काळजी करू नको."

"डुकरं येतात?"

"येतत. परवा एक बार काढलंय, गेली पळान."

मी "बरं" म्हणायची. फोन ठेवला की दोन गोष्टी एकदम व्हायच्या. बरं वाटायचं, कारण संपल्या असं म्हणाले असते तर मी काय केलं असतं देव जाणे. आणि रडू यायचं, कारण संपल्या असं ते म्हणत नव्हते. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी ते बांबूचं माप उभं असायचं. कधी कधी मी ते नुसतंच हातात धरून उभी राहायची. एकदा नवऱ्याने विचारलं, "भूक लागलीय का तुला?" मी म्हटलं, "हो, लागलीय." दुसरं काय सांगणार?

अशीच दोन वर्षं गेली, आणि अर्बाब लॅबमध्ये आले.

अर्बाब म्हणजे कारखान्याचे एक भागीदार, तिथलेच, सत्तरीचे. सगळेच त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचे. जुन्या पिढीतल्या तिथल्या माणसांसारखं त्यांचं हिंदी झकास होतं. त्यांना शिकारीचा नाद. दर वर्षी ऑक्टोबरात रीतसर परवाना काढून दूर उत्तरेच्या थंड पहाडांत जायचे, वाकड्या शिंगांच्या रानबकऱ्यांमागे. एका मोसमात एक बकरा, एक गोळी, असा त्यांचा नेम. मागच्या वर्षी गोळी बाजूला लागली होती आणि जखमी जनावर अंधारात कड्याखाली गेलं. ते त्यांच्या मनाला लागलं होतं. आता ते दुकानातलं तयार काडतूस वापरणार नव्हते. शूटिंग क्लबमध्ये त्यांना काडतुसं भरायला परवानगीची एक खोली होती. पण बाबांसारखेच त्यांचेही हात कापायला लागले होते. म्हणून ते रिकाम्या पितळी पुंगळ्यांची पिशवी घेऊन आमच्या काट्यापाशी आले.

"बिंती, ये सब एक वज़न के हैं क्या, देखो तो," ते म्हणाले. बिंती म्हणजे माझी मुलगी. तिथे वयस्क माणसं कुणाही पोरीला तसं म्हणतात. पण तीन वर्षांत मला कुणी मुलगी म्हटलं नव्हतं, फोनवर सोडून.

शंभर पुंगळ्या होत्या. मी जेवणाच्या सुट्टीत एकेक तोलून सारख्या वजनाचे गट पाडून दिले. त्यांनी त्या रांगा बघितल्या, मला बघितलं, आणि पुढच्या शुक्रवारी क्लबमध्ये बोलावलं. माझं नाव कागदोपत्री नोंदवून घेतलं, नवऱ्यालाही सोबत आणायला सांगितलं. नवरा तिथे बाकावर पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचत बसायचा.

मला ते काम इतकं आवडलं की काय सांगू! बाबांच्या बंदुकीत जे वरून एकामागून एक ओतलं जातं, तेच इथे एका पुंगळीत बसवलेलं: बुडाला टोपी, पोटात दारू, तोंडाला गोळी. पण बाबांचं माप काठोकाठ, आणि इथे दाण्यादाण्याचा हिशोब. आमची पद्धत लॅबचीच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी दारू: पाच काडतुसं एका वजनाची, पुढची पाच अगदी कणभर जास्त, त्यापुढची आणखी कणभर. प्रत्येक पाचांचा वेगळा कागद. अर्बाब वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून झाडायचे, मी दुर्बिणीतून बघून वहीत लिहायची. बहुतेक वजनांना भोकं कागदभर पसरायची. पण मध्येच एक वजन असं यायचं की पाचही भोकं एकमेकांजवळ यायची. ते धरून ठेवायचं आणि मग गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते तसंच कणाकणाने शोधायचं.

मार्चमध्ये एका शुक्रवारी पाच भोकं एका दिरहमच्या नाण्याखाली झाकली गेली. अर्बाबांनी खिशातून नाणं काढून वर ठेवून बघितलं. "या सलाम!" म्हणाले आणि मला खजुराचा अख्खा डबा दिला. त्या दिवशी फोनवर मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं: दारू काळी की करडी, बोळा कसला. बोळाच नसतो म्हटल्यावर त्यांना ते काही पटलं नाही.

"आणि पुड्या?"

"आसत गो."

एप्रिलपासून मात्र सगळं बिनसलं. तेच वजन, तीच खोली, आणि भोकं वर सरकलेली, इकडेतिकडे फेकल्यासारखी. रायफलचा बोल्ट गोळी झाडल्यावर उघडताना जड जायचा. एक शुक्रवार, दुसरा, तिसरा. दारूचा डबा बदलला, टोप्या बदलल्या. शेवटी अर्बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बिंती, काँटा ठीक है ना तुम्हारा?"

माझ्या काट्यावर शंका! घरी येऊन मी भांडी अशी घासली की नवरा उठून गॅलरीत गेला. मनातून घाबरलेही होते. ऑक्टोबर पुढे होता. मी चुकत असेन तर पुन्हा एक जनावर पोटात गोळी घेऊन कड्याखाली जाणार होतं. आणि कारखान्यात माझ्यामागे उभा राहणारा तो एकच माणूस होता, हेही खोटं कशाला बोलू?

चौथ्या शुक्रवारी अर्बाब नेहमीपेक्षा लवकर आले. आम्ही पोचून अर्धा तास झाला होता. मी क्लबच्या मागच्या कट्ट्यावर टॉवेल अंथरून त्यावर काडतुसं रांगेत मांडून ठेवली होती. टळटळीत उन्हात.

अर्बाबांनी एका काडतुसाला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं. "ये क्या है?"

"धूप दिखा रही हूँ," मी म्हटलं. आणि हे शब्द तोंडातून पडल्याक्षणी मला माझी चूक कळली.

झालं होतं असं. भरायची खोली एसीने गारठलेली. समुद्राकडच्या त्या दमट हवेत काडतुसं बाहेर आणली की पितळेला घाम फुटायचा. मार्चपर्यंत अर्बाबांचा ड्रायव्हर भरलेल्या काडतुसांचा डबा ऐनवेळी आणायचा. तो एप्रिलमध्ये सुट्टीवर गेला, डबा माझ्याकडे आला, आणि मी ओलसर काडतूस बघितलं की माझे हात आपोआप टॉवेल अंथरायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं येताजाता सांगणारी मी! वहीत वारा लिहिला होता, तारीख लिहिली होती, वजन दाण्यापर्यंत लिहिलं होतं. ऊन लिहिलं नव्हतं. बार भरण्याआधी ऊन दाखवणं ही मला लिहायची गोष्टच वाटली नाही. तापलेली दारू जास्त जोराने पेटते; मग गोळी वर जाणार नाही तर काय? घरी मुलाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "यू सन-ड्राइड द बुलेट्स? लाइक पापड? सीरियसली, मम्मा?"

पण अर्बाब हसले नाहीत. काडतुसं सावलीत सरकवली आणि कट्ट्यावर बसून विचारलं, "ये किसने सिखाया?"

मग मी सांगितलं. बाबा, बंदूक, जळलेली भुवई, चाळीस पुड्या, शपथ. आधी हसत सांगत होते, मग हसू येईना. ते शिकाऱ्यासारखं ऐकत होते, मध्ये मध्ये बारकावे विचारत.

"खेत में खिंझीर बहुत हैं?" खिंझीर म्हणजे डुक्कर.

"बहुत."

"एक मौसम में कितनी बार चलाते थे?"

"पंद्रह. बीस."

"कितने साल हुए?"

"तीन."

"और पुड़ियाँ?"

"अभी हैं," मी म्हटलं.

अर्बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बिंती, तुम्हारा बाप बंदूक नहीं चला रहा है."

मी कट्ट्यावरून उठलेच. तीन वर्षं! दाणे मोजते मी, दाणे. आणि चाळीसातून पंधरा, मग पंधरा, मग पंधरा वजा केल्यावर शिल्लक उरत नाही हे मला कळलं नव्हतं. कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही.

"छुट्टी मैं बोल दूँगा," अर्बाब म्हणाले. "यल्ला, घर जाओ."

दहा दिवसांची रजा मिळाली. पर्समध्ये बांबूचं माप आणि बाबांसाठी एक चष्म्याचं घर होतं, दुबईतून आणलेलं, टणक, आतून मखमल लावलेलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि नवा चष्मा आला होता.

बंदुकीची खुंटी रिकामी होती. निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तशी बाबांनी दोन वर्षांपूर्वी केली होती. निवडणूक झाली, सगळ्यांनी आपापल्या परत आणल्या. बाबांनी आणली नाही. शेतात रानमोडीचं तण कमरेएवढं वाढलं होतं. दोन पावसाळे तिथे नांगर लागलाच नव्हता. आधी डुकरांनी खाल्लं, मग बाबांनी पेरणंच सोडलं. "परवा एक बार काढलंय, गेली पळान" हे फोनवरचं सगळं रचलेलं होतं. आणि फळीवर बिस्किटांचा डबा. झाकण उघडलं तर माझ्या घडीच्या पुड्या, अगदी वरपर्यंत. पहिल्या पावसाळ्यात तीनच काय त्या वापरलेल्या. कागद कडक होते. दर वर्षी त्यांना ऊन दाखवलं होतं.

मी डबा त्यांच्यापुढे आदळला. "का?"

बाबा नवीन चष्म्यातून माझ्याकडे बघत होते. "बंदूक घरात आसली तर बार काढूचो मोह होतलो. बार काढलो तर पुडी जातली."

"मग जाऊ दे की! संपल्या असत्या तर मी आले असते!"

"तेच्यासाठीच," ते म्हणाले. "तू आयलं असतंस. घोवाक काम नाय, पोराची शाळा, आणि तू हयसर डुकरां राखूक येतलं होतंस? जमीन खय पळान जाता?"

त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, चाळिशीची बाई. ते कापऱ्या हाताने थोपटत होते आणि त्यांचा हात माझ्या कानावर आपटत होता.

ते दहा दिवस कापरासारखे उडाले. निघायच्या दिवशी सकाळी मला एकदम राग आला: त्या डब्याचा, त्या शपथेचा. डबा ओट्यावर आणून ठेवला आणि म्हटलं, "आज सगळ्या भिजवून टाकते. म्हणजे संपल्या. मग तुम्हाला सांगावंच लागेल मला, ये म्हणून."

"भिजय तर भिजय," बाबा म्हणाले. "पाणी आण जा."

मी विहिरीवर जाऊन बादली भरून आणली. बाबा ओट्यावर तसेच बसलेले, चष्म्याचं घर मिटून खिशात ठेवत होते. मी डबाच्या डबा बादलीत उपडा केला. पाणी काळं झालं. मोजल्या नाहीत मी त्या दिवशी. आयुष्यात पहिल्यांदाच.

रास अल खैमाला परत आले. पहिल्या शुक्रवारी फोन लावला. काकीची गाय, गुडघा, सगळं झालं. मग मी मुद्दाम विचारलं, "काय बाबा, पुड्या संपल्या ना?"

ते शांतपणे म्हणाले, "आसत गो दोन-चार."

मला हसू आलं. काय हा माणूस! मी स्वतःच्या हाताने बुडवलेल्या, आणि तोंडावर सांगतोय आहेत म्हणून. पण मी "बरं" म्हटलं. कारण नवऱ्याला अजून धड काम नव्हतं, मुलाची दहावी जवळ आली होती, आणि बाबांनी मला पुन्हा एकदा सोडवलं होतं. ऑक्टोबरात अर्बाब पहाडांत जाऊन आले; एकच गोळी, जनावर जागच्या जागी. त्यांनी रिकामी पुंगळी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बाप कैसा है?" मी म्हटलं, "अच्छे हैं." आणखी दोन वर्षं दर शुक्रवारी मी विचारत राहिले आणि बाबा "आसत" म्हणत राहिले. आमचा तो खेळच झाला होता, असं मी धरून चालले. त्यांच्या तक्रारी आता दुसऱ्याच असायच्या. चष्म्याच्या काचांवर चरे पडलेत, नीट दिसत नाही. मी ओरडायची, "खिशात नुसता कशाला कोंबता? एवढं मखमलीचं घर आणून दिलंय, त्यात ठेवायला काय होतं?" ते म्हणायचे, "ठेवतंय गो, ठेवतंय."

दिवाळीच्या आधी बाबा गेले. झोपेत. मी दुसऱ्या दिवशी पोचले. नवऱ्याला तोवर दुबईतल्या अल बर्शात नोकरी लागली होती, मी हवी तेव्हा येऊ शकत होते, पण येणार होते नाताळच्या सुट्टीत.

बारा दिवस झाल्यावर काकीने त्यांच्या वस्तू माझ्यापुढे ठेवल्या. रुमालात गुंडाळलेला चष्मा, चरे पडून धुरकट झालेला. लायसन्सचं जुनं पुस्तक. आणि ते चष्म्याचं घर, अगदी नव्यासारखं. मी ते उघडलं.

आत मखमलीवर पुड्या होत्या. माझ्या घडीच्या, दोन बाजू आत, वरचं टोक खालच्या खाचेत. पावसाळा नुकताच संपला होता आणि कागद कडक होता.

दोन-चार आहेत म्हणायचे. मी मोजल्या. तीन होत्या.